बालवर्गात पालकांना बोलवायचं तर नेमकं काम काय द्यायचं?

खडूफळा
बालवर्ग, वय ३ ते ४. मुलं २४, एक ताई, एक मदतनीस. वेळ ९ ते १२. वर्ग १५ जूनला सुरू होतोय. पालकसभेत ११ जणांनी वर्गात येऊन मदत करायची तयारी दाखवली आहे. त्यात ४ बाबा आणि २ आज्या आहेत. साधारण होतं काय, की पालक येतात, भिंतीला टेकून उभे राहतात, आपल्याच पोराचे फोटो काढतात आणि जाताना "छान चाललंय हं" म्हणतात. तसं नको आहे. कधीपासून बोलवावं, एका वेळी किती, आणि हातात काय द्यावं? साहित्याची प्रमाणंही लिहा. नुसतं "सहभाग वाढवा" हे परिपत्रकात वाचून झालंय.

गारगोटी
पहिले सहा आठवडे मदतीला कोणालाच बोलवू नका. जूनमध्ये पालक वर्गात येतात ते मूल रुळावं म्हणून, ते काम वेगळं. दोन्ही एकत्र केलं की एकही धड होत नाही.

रुळवण्यासाठी २४ मुलं एकदम घेऊ नका. आठ-आठचे तीन गट पाडा आणि पहिला आठवडा प्रत्येक गटाला रोज एकच तास द्या: ९, १० आणि ११ वाजता. पहिले दोन दिवस पालक आत. पण त्यांची जागा ठरलेली हवी, कोपऱ्यात पाटावर, आणि हातात मुकाट्याने करायचं काम हवं. शेंगा सोलणं, कापडाच्या पट्ट्या कापणं असलं काहीतरी. पालक मुलाशी खेळायला लागले की मूल ताईकडे वळतच नाही. आई कामात दिसली की ते पाच-सात मिनिटांत आपण होऊन खेळण्यांकडे सरकतं, मधून मधून येऊन गुडघ्याला हात लावून जातं. तिसऱ्या दिवशी पालकांनी सांगून दहा मिनिटं बाहेर जायचं आणि सांगितल्या वेळेला परत यायचं. चौथ्या दिवशी अर्धा तास. दुसऱ्या आठवड्यात दोन तास, डबा खाऊन घरी. तिसऱ्यात पूर्ण वेळ.

मूल खेळात गुंगलं की मागच्या मागे सटकायचं, हा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. तो ऐकू नका. मुलाच्या लेखी आई न सांगता गायब होऊ शकते हे एकदा पक्कं झालं की ते खेळत नाही, दाराकडे बघत बसतं, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षातून उतरतानाच पदर धरतं. रोज तेच वाक्य म्हणा, "डबा खाऊन झाला की मी येते." "बारा वाजता" म्हणून काही उपयोग नाही, तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ नसतं, डबा असतो. आणि निरोप एकदाच. दारातून तीनदा वळून पाहणारे बाबा मुलाला तीनदा रडवतात.

रडणं ओसरल्यावर सोमवारी आणि सुट्टीनंतर पुन्हा उसळतं. हे पालकांना आधीच सांगून ठेवलं नाही तर "शाळेत काहीतरी झालंय" म्हणून फोन सुरू होतात.

दप्तर_नको
गारगोटी, रुळवण्याचं पटलं. पण पालकांच्या बाजूचंही लिहिते. जूनमध्ये उंबऱ्यावरून परत पाठवायचं आणि एकदम गॅदरिंगला कागदी मुकुट करायला बोलवायचं, यातून पालक बघेच होतात. शिवाय नोकरी करणाऱ्यांना "उद्या या" म्हणून चालत नाही. महिनाभर आधी तारीख आणि ४० मिनिटांचीच वेळ द्या, म्हणजे हाफ डे तरी टाकता येतो. ज्यांना दिवसा येणं शक्यच नाही त्यांना घरी करायचं काम द्या, आणि तेही खरं काम द्या. चार्टपेपरवर आंबा रंगवून आणणं हे काम नव्हे. तो आंबा आईच रंगवते हे सगळ्यांना माहीत असतं.

शाडूमाती
मग खरं काम घ्या. खेळायची कणीक पालकांनी घरी करून आणावी. आठ मुलांच्या गटाचं प्रमाण:

मैदा २ वाट्या, बारीक मीठ १ वाटी, पाणी २ वाट्या, तेल २ मोठे चमचे, लिंबाचा रस २ मोठे चमचे. सगळं जाड बुडाच्या कढईत थंड असतानाच गुठळी न ठेवता कालवायचं, मग मंद आचेवर उलथण्याने सतत ढवळायचं. चार-पाच मिनिटांत गोळा कडा सोडतो. कोमट झाला की तेलाच्या हाताने मळायचा आणि हवाबंद डब्यात ठेवायचा.

चिकटली तर कच्ची राहिली आहे. पुन्हा कढईत मिनिटभर परता. कोरडा मैदा टाकत बसलात तर उद्या तिचा भुगा होतो. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि कणकेला घाम सुटतो, डब्याच्या तळाशी पाणी साचतं. म्हणून काहीजण मीठ कमी करतात, पण मग बुरशी लवकर धरते. त्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये प्रमाण तेच ठेवा आणि दर आठवड्याला थोडी थोडी ताजी करा. प्रत्येक आठवडा एका घराकडे.

रंगाला घरगुती उपाय सुचवतील त्यांच्यासाठी: बिटाचा रंग शिजताना मरतो. पालकाचा रस लिंबामुळे खाकी पडतो. हळद चालते, पण गणवेशावरचे डाग निघत नाहीत. खाण्याचा रंग थेंबभर पाण्यात मिसळून घाला.

हातावर ओरखडा असलेल्या किंवा इसब असलेल्या मुलाला मीठ झोंबतं. त्याला चिकणमाती द्या. कुंभाराकडून आणलेली बादलीत भिजवून वर ओलं गोणपाट टाकलं की आठवडे टिकते. सुकत आली तर गोळ्याला अंगठ्याने खळगा पाडा, त्यात पाणी भरून रात्रभर ठेवा. (आयडी शाडूमाती असूनही सांगतो, वर्गात शाडूपेक्षा चिकणमाती बरी. शाडूत चिवटपणा कमी, मुलांच्या हातात लगेच तडे जातात.) मातीकाम झाल्यावर जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. झाडलं की धूळ मुलांच्याच नाकात जाते.

पाऊलखुणा
घरी करण्यासारखं आणखी एक काम म्हणजे चिकटकामाची खळ. १ वाटी मैदा आधी १ वाटी गार पाण्यात कालवा, ३ वाट्या पाणी उकळलं की त्यात ओता आणि पारदर्शक होईपर्यंत घोटा. अर्धा छोटा चमचा तुरटीची पूड घातली की चार-पाच दिवस आंबत नाही, तरी फ्रीजमध्येच ठेवा. जुन्या बाइंडिंगवाल्यांचं ऐकून कोणी खळीत मोरचूद घालायला सांगेल. बालवर्गात अजिबात नाही, ते विष आहे.

आणि ठसेकामाला भाज्या. भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापला की फूल उमटतं, कांद्याची वर्तुळं येतात. बटाटा कापल्या कापल्या वापरला तर त्याच्या पाण्याने रंग फिसकटतो. कापलेली बाजू दहा मिनिटं फडक्यावर पालथी ठेवा. रंग ताटलीत ओतू नका, ओल्या स्पंजवर दाट रंग पसरा. नाहीतर मूल ठसा रंगात बुडवतं आणि कागदावर नुसतं थारोळं.

निवडुंग
पालकांना "निसर्गातलं साहित्य आणा" असं मोघम सांगू नका. गुंजा येतात. लालभडक, वर काळा ठिपका, मोजायला अगदी देखण्या, आणि चावून गिळल्या तर जिवावर बेततं. तसंच एरंडाच्या बिया आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या. बिट्ट्यांनी खेळून मोठी झालेली पिढी "आम्हाला काही झालं नाही" म्हणेल, तरी नाहीच. लेखी यादी द्या: चिंचोके, सागरगोटे, शिंपले, रिकामी कणसं, नारळाच्या करवंट्या (कडा घासून), झाकणं.

त्यातही चिंचोके, हरभरे, मणी हे तीन वर्षांच्या मुलांच्या नाकात जातात. नियम असा की सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान वस्तू असलेल्या खेळाजवळ एक मोठा माणूस सतत बसलेला हवा, नाहीतर तो खेळ त्या दिवशी काढायचाच नाही. इथेच तुमचे पालक कामाला येतात. मूठभर चिंचोके मोजून मांडायचे आणि मोजून उचलायचे. नाकात हरभरा गेलाच तर काडीने, चिमट्याने काढायला जाऊ नका. तो आत सरकतो, आणि ओल्याने फुगतो. थेट डॉक्टर.

गारगोटी
आता वर्गातल्या कामाकडे येते. एका दिवशी दोनच पालक. २४ मुलांचे सहा-सहाचे चार गट: एक ताईकडे, एक मदतनीसांकडे, दोन पालकांकडे. राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात (२०१३) ३ ते ६ वयाला २० मुलांमागे एक मोठं माणूस हे प्रमाण दिलंय. ते कमीत कमीचं आहे. पण माणसं वाढवत गेलात तर गलका वाढतो, आणि मोठी माणसं एकमेकांशीच बोलायला लागतात. चौघांच्या वर नको.

पालक बसतील तो गट त्यांच्या मुलाचा नसावा.

दप्तर_नको
यावर असहमत. तीन वर्षांचं मूल समोर आई दिसत असताना दुसऱ्या गटात बसेल? ते उठून येणार, ताई त्याला उचलून परत नेणार, ते भोकाड पसरणार. ४० मिनिटं त्यातच जातील. शिवाय मुलाला कळतं ते एवढंच, की आई आली आणि दुसऱ्यांच्या मुलांशी खेळली.

गारगोटी
मुद्दा बरोबर आहे. मग असं करा: आपल्या मुलाला त्या दिवशी आईचा वाटप्या करा. गोळे वाटणं, ओले फडके गोळा करणं हे त्याचं काम. मांडीत येऊन बसलं तर बसू द्या, पाच मिनिटांनी उठतं. फक्त पालकांनी त्याचं काम दुरुस्त करायचं नाही. दुसऱ्याच्या मुलाला कोणी "असं नाही, तसं लाट" म्हणत नाही, आपल्याला मात्र लगेच म्हणतात. गट वेगळा ठेवण्याचं कारण तेवढंच आहे.

पालक येण्याआधी त्यांच्या हातात पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी द्या:

– खाली बसा, मुलांच्या उंचीवर. फोन पिशवीत.
– हात मुलांचे चालू द्या. तुम्ही काढून, कापून, लाटून देऊ नका.
– "काय काढलंस?" असं विचारू नका. "याच्याबद्दल सांग की" म्हणा. नुसती रेघोटी असली तर पहिल्या प्रश्नाला उत्तरच नसतं.
– प्रत्येक गोष्टीला "वा, छान!" म्हणू नका. मग मूल दर रेघेला कागद दाखवायला येतं. दिसतं ते बोला: "केवढं दाबून ओढलीस लाल रेघ!"
– भांडण झालं तर ताईंना हाक मारा. न्यायनिवाडा करू नका.

आज्यांसाठी नेहमीच्या उंचीची खुर्ची ठेवा. गुडघ्यांमुळे पाटावर बसता येत नाही, आणि संकोचाने त्या सांगत नाहीत, पुढच्या वेळी नुसत्या येत नाहीत. त्यांच्याकडून "गोष्ट सांगा" एवढंच मागू नका. छोटं जातं असेल तर मूठभर तांदूळ दळणं आणि सोबत ओवी, ताक घुसळणं, वाती वळणं द्या. वाती वळायला बोटांची जी चिमूट लागते तीच पुढे पेन्सिलीला लागते.

बाबांना मेलं नेहमी स्टेजच बांधायला लावतात. गवंडीकाम करणारे असतील तर ओळंबा, थापी आणि पाणसळ घेऊन या म्हणावं. तीनच वस्तू, दहा मिनिटं, आणि प्रत्येक वस्तू मुलांच्या हातात जाईल अशी. शिंपीकाम असेल तर मोजपट्टी आणि खडू. भाषण नको.

अंगणवाडी_ताई
गावाकडचं थोडं वेगळं असतं म्हणून लिहिते. लावणीच्या दिवसांत सकाळची पालकसभा ठेवली तर कोणी येत नाही, आणि मग "पालकांना आस्थाच नाही" असा शेरा पडतो. कापूस वेचणीलाही तेच. मुलं न्यायला येतात त्याच वेळी दारात पंधरा मिनिटं घ्यायची. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांशी बोलणं दसऱ्याच्या आतच उरकावं लागतं, नंतर ती घरं कारखान्यावर असतात. सोबत द्यायला मुलाचं वजन-उंचीचं आणि लसीकरणाचं कार्ड आईच्या हातात द्या, पेटीत नको. तिकडच्या अंगणवाडीत ते दाखवलं की आहार आणि लसी दोन्ही चालू राहायला सोपं जातं.

आहारातही पालक घ्या. ३ ते ६ वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात ठरलं होतं. हे आकडे आईला सांगून काही कळत नाही. रोज एका आईने मुलांच्या आधी चव घ्यावी आणि वहीत सही करावी. खिचडी पातळ झाली, मीठ राहिलं, हे मग तिथेच समजतं. वजनाच्या दिवशीही आईलाच काटा वाचू द्या. वाढीच्या तक्त्यावरचा गेल्या महिन्याचा ठिपका आणि या महिन्याचा ठिपका तिच्या बोटाने जोडला की रेघ आडवी झालीय का खाली चाललीय हे सांगावं लागत नाही.

आणि भाषा. घरी वारली, भिली, अहिराणी किंवा कोरकू बोलणारं मूल वर्गात गप्प असेल तर ते मंद नसतं. त्याला शब्द कळत नसतात. पहिल्या महिन्यात आईकडून वीस शब्द लिहून घ्या: पाणी, शू, भूक, दुखतंय, आई कुठे, ये, बस. ते ताईने शिकायचे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. घराकडे जायचं हे काही नवं फॅड नाही.

पाटीवरची_रेघ
एक प्रश्न, कारण ऑक्टोबरच्या सभेत तो येणारच: "वहीत काहीच कसं नाही? शेजारच्या शाळेत ए टू झेड झालं." याला काय दाखवायचं?

गारगोटी
उत्तर देऊ नका, करायला लावा. सभेत पालकांना डाव्या हाताने (डावखुऱ्यांना उजव्या) "ज्ञ" आणि "क्ष" दहा-दहा वेळा लिहायला सांगा. दोन ओळींत मनगट दुखतं. मग सांगा, मुलाचा उजवा हात आत्ता तुमच्या डाव्यापेक्षाही कच्चा आहे.

मग आकार दाखवा. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पाहून गोल काढतं, चौथ्याच्या आसपास अधिकची खूण, साडेचार-पाचला चौकोन, त्रिकोण त्याच्याही थोडा नंतर. तिरकी रेघ हाताला सगळ्यात उशिरा येते. आता "अ" बघा: दोन अर्धगोल, आडवी रेघ, काना, वर शिरोरेषा, आणि सगळं जोडलेलं. म्हणून लिहायला सुरुवातही पुढे "अ"पासून न करता ग, म, भ, न अशी सारख्या वळणाच्या अक्षरांनी करतात. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल कोंबली तर ते ती मुठीत धरतं, आणि तीच पकड घट्ट होते. पुढे सोडवणं फार जड जातं.

वहीऐवजी प्रत्येक मुलाची एक फाइल ठेवा. महिन्यातून एक चित्र, मागे तारीख आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत. जूनची रेघोटी आणि ऑक्टोबरचा हातपाय फुटलेला गोल शेजारी ठेवले की पालक गप्प बसून बघतात.

"मग घरी काय करून घेऊ?" याला तयार उत्तर ठेवा: मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, कपड्यांचे चिमटे लावणं, छोटी पोळी लाटणं, शर्टाची बटणं. रोज एकच, दहा मिनिटं. बटणं खालून वर लावायला शिकवा. खालचं बटण मुलाला दिसतं, गळ्याजवळचं दिसत नाही.

पाऊलखुणा
गोष्टीची पिशवी राहिलीच. कापडी पिशवीत एक चित्रपुस्तक आणि गोष्टीतली एखादी वस्तू. शुक्रवारी घरी, मंगळवारी परत. २४ मुलांना आठ पिशव्या पुरतात, म्हणजे दर तिसऱ्या आठवड्याला पाळी येते. सोबत प्रश्नपत्रिका घालू नका. "कोणी वाचून दाखवलं? कुठल्या पानावर थांबून राहिलं?" एवढ्या दोन ओळींची वही पुरे. ज्या घरी वाचता येत नाही तिथे अक्षर नसलेलं, चित्रांचंच पुस्तक द्या, आणि घरच्या भाषेत सांगा असं मुद्दाम म्हणा. पुस्तक फाटून येणार. दंड लावला की पुढच्या वेळी ते कपाटावर ठेवलेलं, कोरं करकरीत परत येतं. पिशवीत चिकटपट्टीचं रीळ ठेवा.

दप्तर_नको
आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गट फक्त सूचनांसाठी, लिहिण्याचा अधिकार शाळेलाच. एकट्या मुलाचा फोटो टाकू नका, "माझ्या पिल्लाचा नाही आला" सुरू होतं. हातांचे आणि कामाचे फोटो टाका. प्रवेशाच्या वेळीच फोटोला लेखी संमती घ्या, आणि कोणाची नसेल तर त्यांना कारण विचारू नका.

खडूफळा
सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय. १५ जूनपासून तीन आठवडे रुळवणं, आठ-आठच्या गटांत. सहा आठवडे पूर्ण झाले की ऑगस्टपासून दर बुधवारी १० ते १०.४० दोन पालक, ११ जणांची पाळी सहा आठवड्यांत फिरते. पहिला बुधवार कणीक लाटणं, दुसरा भेंडीचे ठसे, तिसरा आजीचं जातं, चौथा चिंचोके मांडणी. घरून कणीक आणि खळ आळीपाळीने. काही सुटतंय का?

निवडुंग
जातं आणि चिंचोके सुरुवातीलाच नको, सप्टेंबरमध्ये ढकला. तोवर ठसे आणि कणीकच पुन्हा पुन्हा घ्या. मुलांना तेच हवं असतं, दर वेळी नवं पालकांना लागतं. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेलं मूल असेल तर आधी विचारून ठेवा, मैद्याची कणीक आणि खळ दोन्ही बाद होतील. तांदळाच्या पिठाची करता येते, पण तिला तडे जातात, तेल थोडं वाढवा.

अंगणवाडी_ताई
१०.४० नंतरची पाच मिनिटं धरा. पालक उठले की मूल मागे लागतं. त्यांना डब्याच्या वेळेपर्यंत थांबवा किंवा मुलं मैदानावर जायला रांगेत उभी राहतील तेव्हाच निघू द्या. आणि निघताना सांगूनच, ऑगस्ट असला तरी.

खडूफळा
मग वेळ १०.२० ते ११ करते, ११ ला आमची मैदानाची घंटा आहे. २४ पैकी एकाला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे, अर्जात लिहिलंय. त्या गटाला चिकणमातीच देते, सहाही जणांना.